मदत हवी आहे: आरसीवर २५ टन, व्यापारी म्हणतो साडेअठ्ठावीस चालतं. गाडीत नेमकं किती भरायचं?

सातपुड्याची (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली. आमच्या घरची एक दहाटायर गाडी आहे. ती बाबांच्या नावावर आहे आणि भाऊ चालवतो. बिल्टी (मालवाहतुकीची पावती), डिझेल, टायर, विमा, पासिंग हा सगळा कागदांचा भार माझ्याकडे. गाडी २०१७ च्या दिवाळीनंतरची, म्हणजे बीएस-४ (धुराच्या जुन्या निकषाची). आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, सकल वजन (गाडी आणि माल मिळून) २५,००० किलो लिहिलंय. ताडपत्री, रस्से, डिझेल, दोन माणसं धरून रिकामी गाडी काट्यावर नऊ टनांच्या आसपास जाते. म्हणजे माल सोळा टन. आजवर आम्ही हाच हिशेब धरून चाललो.

अडचण मक्याच्या हंगामात सुरू होते. भाडं टनावर ठरतं. आम्ही सोळा टनांवर थांबलो की व्यापारी दुसरी गाडी बोलावतो, कारण तो दुसरा वीस भरून घेतो. यंदा एका व्यापाऱ्याने सांगितलं, "ताई, सरकारने दहाटायरचं वजन केव्हाच वाढवलंय, तुम्हीच घाबरता." मी शोधून पाहिलं तर त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १६ जुलै २०१८ ची केंद्राची अधिसूचना आहे. त्यात दोन ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) गाडीचं सकल वजन १६.२ टनांवरून १८.५, तीन ॲक्सलच्या, म्हणजे आमच्यासारख्या दहाटायर गाडीचं २५ वरून २८.५ आणि मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. पण आमची गाडी त्याच्या आधीची, आणि आरसीवर आजही २५ च आहे.

भावाचं म्हणणं, अधिसूचना देशभराची आहे तर आपल्यालाही लागू. बाबा म्हणतात, आरसीवर लिहिलंय तेच खरं. तसं पाहिलं तर वीस टन माल भरल्यावर गाडी एकोणतीस टनांवर जाते, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबानेही ओव्हरलोडच.

गेल्या हंगामात आमच्या पुढच्याच गाडीला महामार्गावर अडवून काट्यावर नेलं होतं. जादा माल रस्त्याच्या कडेला उतरवावा लागला. पोत्यांवर पाऊस पडला, वर दुसऱ्या गाडीचं भाडं गेलं. तेव्हापासून भाऊ घाटात असला की मला झोप लागत नाही.

दुसरा प्रश्न कापसाचा. सुटा कापूस नवापूरमार्गे गुजरातच्या जिनिंगला जातो. वजनाची भीती नसते, कारण टप गच्च भरला तरी टन कमीच भरतात. पण बांबू बांधून थर उंच चढवतात आणि दोन्ही बाजूंनी फुगवटा येतो. त्याला कोणता नियम लागतो?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. केळीची गाडी आम्ही दिल्लीला नेतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालगाड्यांना तिथे प्रवेश बंद झाला, आणि बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सवलत आहे असं वाचलं. गाडी विकून बीएस-६ घ्यावी का? वर्कशॉपवाले सांगतात, बीएस-६ ला युरिया लागतो, सेन्सर जातात, खेड्यात दुरुस्ती होत नाही. ज्यांनी चालवली आहे त्यांनीच सांगावं.

हमखास मार्ग दाखवतो, अमक्याशी बोला, असे निरोप कृपया पाठवू नका. मला कायद्यात बसणारं उत्तर हवं आहे.

तापीकाठ:

ताई, बाबा बरोबर आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ वाचा. गाडीचं भरलेलं वजन नोंदणी प्रमाणपत्रावरच्या सकल वजनाच्या वर जाता कामा नये, असं त्यात सरळ लिहिलंय. अधिसूचनेतला आकडा ही त्या प्रकारच्या गाडीची वरची हद्द. तुमच्या गाडीचा आकडा आरसीवरचा. नव्या गाड्यांतही कंपनीने ज्या मॉडेलला जितकी मंजुरी घेतली तितकंच आरसीवर येतं, सगळ्या दहाटायर साडेअठ्ठावीसच्या नसतात.

आरसीवर वजन लिहिणं हे कलम ५८ खाली नोंदणी प्राधिकाऱ्याचं काम. म्हणून भावाला सांगा, वाद घालायचाच तर आरटीओत लेखी अर्ज देऊन घाल. त्या मॉडेलचं, त्या चासीचं मंजूर वजन किती, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. बदल झाला तर नव्या आकड्याने भरा. झाला नाही तर २५.

दंडाचं गणित असं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागले. तुमचा चार टन जादा माल धरला तर २८,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमच्याच माथी. काट्यावर न्यायला नकार दिला तर ४०,००० रुपये. दंड भरला म्हणून तोच माल घेऊन पुढे जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितलंय की जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

भूमीपुत्र:

भाऊ-ताई, आठे सगळ्यासना हाऊच तरास शे. कायदा बरोबर आहे, पण सोळा टनांत हप्ता निघत नाही, हेही खरं आहे. डिझेल, टोल, टायर सगळं वाढलं आणि भाडं तिथंच. व्यापाऱ्याला कोणी विचारत नाही, सगळा जाच गाडीवाल्याला. माझा प्रश्न एवढाच की भरणाऱ्याची जबाबदारी कायद्यात कुठे आहे का?

तापीकाठ:

आहे. कलम १९४ चे शब्द "जो चालवतो" एवढ्यावर थांबत नाहीत. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यातही आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भरू नये अशी अट आहे. आता हे सिद्ध कशाने होणार? कागदाने. बिल्टीवर खरं वजन लिहून घ्या, भरतानाची काटापावती मागा, त्यावर व्यापाऱ्याची सही घ्या. ई-वे बिलात सोळा टन आणि गाडीत वीस, असं करायला सांगणाऱ्या माणसाचा माल घेऊच नका.

सातपुड्याची:

भूमीपुत्र भाऊ, हप्त्याचं दुखणं मलाही पाठ आहे, म्हणून तर विचारते आहे. तापीकाठ, कलमांसाठी मनापासून आभार. आमच्याकडे बिल्टीवर वजनाची जागा कोरीच राहते, "अंदाजे" लिहून सोडतात. ते या आठवड्यापासून बंद.

रस्तेवाला:

मी रस्त्याच्या कामावर आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. एकूण वजन पाहताना ॲक्सलवरचं वजन विसरू नका. २०१८ च्या अधिसूचनेत मागच्या जोड ॲक्सलची मर्यादा १९ वरून २१ टन झाली आणि चार टायरच्या एकेरी ॲक्सलची १०.२ वरून ११.५. एकूण वजन बरोबर असलं तरी सगळा माल फाळक्याकडे रेटून भरला तर मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जातो आणि पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग हवेत वाटतं, वळणावर गाडी नीट ऐकत नाही. मका, डाळ, सिमेंट अशा जड मालात हे फार होतं. थर समोरून सुरू करून सारखा पसरवायला हमालांना सांगा, तिथे स्वतः उभं राहा.

आणि रस्त्याचं काय होतं ते ऐका. ॲक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. एका ॲक्सलवर वीस टक्के जास्त माल ठेवला तर झीज दुपटीवर जाते. आपल्याकडे डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांचा एकेरी ॲक्सल प्रमाण धरतात. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात जे खड्डे आपण दर पावसाळ्यात मोजतो, त्यांत निकृष्ट कामाचा वाटा आहेच, पण या वजनाचाही आहे. दोन्हीबद्दल बोललं पाहिजे.

ब्रेकचं तर विचारूच नका. उतारावर प्रत्येक जादा टन ड्रमलाच रोखावा लागतो. ड्रम तापला की लायनर पकड सोडतं. बिजासन घाट उतरून पळासनेरकडे येताना हे ध्यानात ठेवायला हवं. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसून माणसं गेली, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या गाडीत वजन किती होतं यावर मी बोलत नाही. घाटात जड गाडी थांबली नाही तर काय होतं, एवढंच म्हणतो.

सातपुड्याची:

भावाला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तो महिन्यातून कितीदा तरी तो उतार उतरतो. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण फोन हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

कापसाचं कोणी सांगेल का?

जिनिंगवाली वाट:

कापसाला वजनाचा नाही, मापाचा नियम लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३. गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर. ट्रेलर नसलेल्या साध्या मालगाडीची लांबी १२ मीटरपर्यंत. उंची पूर्वी ३.८ मीटर होती, जून २०२० च्या दुरुस्तीत ती मालगाड्यांसाठी ४ मीटर झाली. आणि माल बॉडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर कलम १९४ च्या १क खाली २०,००० रुपये दंड आणि उतरवण्याचा खर्च. इथे टनाचा प्रश्नच येत नाही. कापूस सात टन असला तरी फुगवटा दिसला की दंड बसतो.

वाऱ्यात हा फुगवटा गाडीला ओढतो, कोंडाईबारी घाटात चालकाला आरशात मागचं दिसत नाही, वर विजेच्या तारा. सुटा कापूस तारेला लागून पेटला तर विझवणं हाताबाहेर जातं. बांबूचे थर बंद करा. टपाच्या काठापर्यंत तुडवून भरा आणि भाडं टनावर न ठरवता गाडीवर ठरवा. कापसाला टनाचं भाडं घेणं हाच तोटा आहे. गाठी मिळाल्या तर त्या जास्त बऱ्या, एक गाठ साधारण १७० किलोची, मोजून रचता येतात.

एमएच १८ बीएस सहा:

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, माझ्याकडे बीएस-६ दहाटायर आहे.

देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ ला आलं, मधलं पाच गाळून १ एप्रिल २०२० ला बीएस-६, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा. डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणलं. मोठ्या इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये दर किलोवॅट-तासाला साडेतीन ग्रॅम होती, ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. हे करायलाच सायलेन्सरच्या जागी धूर गाळणारा फिल्टर आणि युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा बसवली आहे. वर्कशॉपवाले घाबरवतात तितकं अवघड नाही, पण शिस्त लागते.

युरियाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. आपण शेतकरी घरातले, गोठ्यात युरियाची गोणी असतेच. ती पाण्यात घोळून गाडीत टाकू नका. शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो, त्यात बाकीची अशुद्धीही असते आणि आपल्या बोअरचं पाणी क्षारांचं. गाडीला ३२.५ टक्क्यांचं शुद्ध द्रावण लागतं. नोझल आणि कॅटॅलिस्ट एकदा खराब झालं की खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे. टाकीतलं द्रावण संपलं तर आधी दिवा लागतो, मग इंजिनाची ताकद कमी होते. घाटाच्या पायथ्याशी हे होऊ देऊ नका, सीलबंद कॅन गाडीत ठेवा. फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्या वेळी डॅशबोर्ड सांगेल तसं करा, मध्येच इंजिन बंद करू नका.

आता गाडी विकावी का? केळीचा सगळा धंदा दिल्लीचा असेल तर ऑक्टोबर २०२६ च्या आत निर्णय घ्यावाच लागेल. पण मका, डाळ, गाठी असा माल धुळे, जळगाव, नाशिक, गुजरात एवढ्यातच फिरत असेल तर चांगली ठेवलेली बीएस-४ आज मोडीत काढायची गरज नाही. पीयूसी बीएस-४ ला वर्षाची मिळते, ती चुकवू नका. फिटनेस गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी लागतं, म्हणजे तुमचं आता दरवर्षीवर आलं. रावेर, सावद्यावरून केळी रेल्वेनेही जाते. दिल्लीचा माल तिकडे वळवून तुम्ही शेतापासून स्टेशनपर्यंतची खेप धरली तर काय पडतं, ते एकदा मांडून पाहा.

सातपुड्याची:

इतकं सविस्तर लिहिलंत, घरात सगळ्यांनी मिळून वाचलं. रेल्वेची कल्पना बाबांना पटली. आमचं ठरलं ते असं: आरसीतल्या वजनाबद्दल आरटीओत लेखी अर्ज, उत्तर येईपर्यंत सोळा टनांच्या वर पोतं नाही, कापूस गाडीच्या भाड्याने, आणि नव्या गाडीचा निर्णय केळीचा हंगाम पाहून. ज्या व्यापाऱ्याने वीस टनांचा हट्ट धरला होता त्याला भावाने फोन करून हे सांगितलं. तो नाराज झाला, पण दुसरा एक जण सोळा टनांना भाडं थोडं वाढवून द्यायला तयार झाला आहे.

एकच गोष्ट राहिली. भरताना काटा करायचा तर माल रात्री भरला जातो. यावलहून चोपड्यामार्गे शिरपूरकडे जाताना रात्री चालू असणारा भुईकाटा कुठे आहे?

तापीकाठ:

शिरपूरला महामार्गाच्या आधी रात्रीचे काटे असतात, पण तिथे पोचून जादा निघालं तर उतरवणार कुठे? जिथे भरता त्याच गावात काटा करा. बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या काटेवाल्याशी आधी बोलून ठेवा, रात्रीचे दोन पैसे जास्त घेईल. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते बघा, भुईकाट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. रिकाम्या गाडीचं वजन त्याच काट्यावर घ्या, म्हणजे दोन्ही पावत्या जुळतील. आणि वाटेत अडवलं तर हेही लक्षात ठेवा: पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावरच ते नेऊ शकतात, कलम ११४. तिथली पावती मागून घ्या आणि आपल्या पावतीशेजारी ठेवा.