‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे नक्की काय?

खाडीकाठ: खाडीत मृतदेह सापडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ व्हिसेरा म्हणजे अवयव की अहवाल? मराठी शब्द आहे का? आणि हे वाचून विषाचा संशय आहे असं समजायचं का?

बरणी: अवयवच. मूळ लॅटिन शब्द अनेकवचनी आहे, पण आपल्या कागदोपत्री तो एकवचनी पुल्लिंगी झालाय. परिभाषेत ‘अंतस्त्ये’ असा शब्द आहे, पण पोलीस ठाण्यात तो कोणी उच्चारणार नाही.

शवविच्छेदनात साधारणपणे काढतात ते असं: जठर आतल्या अन्नासकट, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी तुकडा, यकृत ५०० ग्रॅमपर्यंत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. रक्त किमान १० मिली, सोडियम फ्लोराइड घालून. जठर-आतडं एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसरीत. वर मिठाचं संपृक्त पाणी, म्हणजे तळाला न विरघळलेलं मीठ दिसेल इतकं. बरणी दोन तृतीयांशच भरायची. आपल्याकडच्या उकाड्यात वायू धरतो आणि गच्च भरलेली बरणी फुटते. वापरलेल्या मिठाच्या पाण्याचा नमुनाही वेगळा पाठवावा लागतो, नाहीतर दोष पाण्यातला की पोटातला, असा वाद उभा राहतो. (आम्लाने भाजलेलं असेल तर मीठ वापरत नाहीत, रेक्टिफाइड स्पिरिट घेतात. दारूचा संशय असेल तर स्पिरिट चालत नाही.)

सगळ्यात महागात पडणारी गफलत फॉर्मॅलिनची. हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल तर तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच हवा. पण विषतपासणीचा व्हिसेरा फॉर्मॅलिनमध्ये गेला की विष वेगळं काढणं अवघड होतं. दोन बरण्या, दोन प्रयोगशाळा, आणि लेबल मात्र घाईत लिहिलेलं!

पंच क्र. २: बातमीतला खरा घोळ ‘राखून ठेवला’मध्ये आहे. व्हिसेरा राखला, म्हणजे सील करून रासायनिक विश्लेषकाकडे (केमिकल अॅनालायझर, म्हणजे सी.ए.) पाठवण्यासाठी जपला. मत राखलं, म्हणजे डॉक्टरांनी मृत्यूचं कारण अजून दिलेलं नाही, सी.ए. अहवाल आल्यावर देतील. गळफासासारख्या मृत्यूत कारण लगेच देऊनही व्हिसेरा पाठवला जाऊ शकतो, आधी काही पाजलं होतं का हे बघायला. बातमीदार दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात आणि गावात ‘विष दिलंन’ सुरू होतं.

याच ओघात: विषबाधा म्हणजे नुसता परिणाम, कोणी केलं ते सांगत नाही. विषप्राशन स्वतः घेतलेलं. विषप्रयोग दुसऱ्याने केलेला. आंब्यावर फवारणी करताना औषध अंगावर पडून कोणी दगावला तर ‘विषप्राशन’ लिहिणं सरळ चूक, त्याने काही प्यायलेलंच नसतं.

खाडीकाठ: पण तोंडाला फेस होता, म्हणून विष, असं सगळे म्हणतात.

बरणी: फेस बुडालेल्यालाही येतो. तो पांढरा, बारीक, चिवट असतो. पुसला तरी छाती दाबली की पुन्हा येतो. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधानेही फेस येतो, पण तिथे वास, डोळ्यांच्या आकसलेल्या बाहुल्या वगैरे जोडीला बघतात. नुसत्या फेसावर कोणीच मत देत नाही. ओठ, पापण्या, कानाची पाळी कुरतडलेली दिसली तरी आधी खेकडे-मासे आठवावेत, मग मारहाण.

बुडण्यासाठी वेगळी तपासणी आहे, डायटमची, म्हणजे पाण्यातल्या कवचधारी सूक्ष्म शेवाळाची (विश्वकोशी मराठीत करंडक वनस्पती). मांडीच्या हाडाचा मगज नायट्रिक आम्लात शिजवून त्यात त्यांची कवचं शोधतात. जिवंत माणूस पाणी ओढतो तेव्हा ती रक्तातून मगजापर्यंत पोचतात. मेल्यावर पाण्यात टाकलेल्यात सहसा नाही. मात्र देह जिथे मिळाला तिथल्या पाण्याचा नमुना हवाच. खाडीच्या तोंडाशी आणि आत वेगवेगळे प्रकार असतात, तुलना त्याच्याशीच. प्रयोगशाळेतलं भांडं नळाच्या पाण्याने धुतलं तर त्यातलेही डायटम दिसतात.

पंच क्र. २: एक पुरवणी. ठाण्यातली नोंद ‘अकस्मात मृत्यू’ची असते, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४). हा गुन्हा नव्हे. घातपात दिसला तर पुढे गुन्हा दाखल होतो.