मदत हवी आहे : आईसाठी न्यूयॉर्कला थेट विमान की लंडनमार्गे?

नमस्कार. ठाण्याहून माझी आई पहिल्यांदाच ताईकडे न्यूयॉर्कला निघाली आहे. तिचे गुडघे इतके आखडतात की अर्धा तास रिक्षात बसल्यावरही उतरताना हात द्यावा लागतो, त्यामुळे मला फार काळजी वाटते. मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. परतताना पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांमुळे वेळ थोडा वाचतो. लंडनमार्गे अंतर फारसे वाढत नाही, मात्र प्रवासाचे दोन टप्पे पडतात. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना ज्यांनी असे पाठवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : मधल्या थांब्यात पाय मोकळे होतात, की विमान बदलण्याचीच दगदग अधिक होते? तिथे व्हीलचेअर वेळेवर मिळते का?