टोलुंडच्या कण्या, बिर्काची भाकरी आणि इंडक्शनची शेगडी

प्रश्न

आम्ही डेन्मार्कमधील ओर्हुस येथे राहतो. सिल्केबोर्गच्या संग्रहालयात टोलुंड मानव, म्हणजे दलदलीत टिकून राहिलेला लोहयुगीन माणसाचा मृतदेह, पाहून आल्यापासून, त्याने शेवटचे जे खाल्ले ते आपण घरी करून पाहू या, असा हट्ट माझ्या मुलीने धरला आहे, आणि सोबत तिला वायकिंग काळातील (म्हणजे सुमारे आठव्या ते अकराव्या शतकातील स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींच्या काळातील) भाकरीही हवी आहे. महाजालावर अशा पाककृती पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील एका ‘वायकिंग रश्श्यात’ बटाटे आणि टोमॅटो दोन्ही दिसले, तेव्हा माझा विश्वास उडाला. कोणत्या पदार्थाला प्रत्यक्ष पुरावा आहे आणि इंडक्शनच्या शेगडीवर तो कितपत प्रामाणिकपणे करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुण्याहून आणलेले एक मातीचे मडके माझ्याकडे आहे.

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची आणि मका हे सारे युरोपात पोहोचले ते १४९२ नंतर, म्हणजे वायकिंग काळ संपून चारशे वर्षे उलटून गेल्यावर. शिवाय वायकिंगांनी लिहून ठेवलेली एकही पाककृती आपल्यापर्यंत आलेली नाही. डॅनिश भाषेतील सर्वांत जुन्या पाककृती इ.स. १३०० च्या सुमाराच्या हस्तलिखितांत सापडतात, आणि त्यांतील बदाम व केशर हे श्रीमंतांच्या मुदपाकखान्यातले आहेत, शेतकऱ्याच्या चुलीवरचे नव्हेत. त्यामुळे ‘अस्सल वायकिंग पाककृती’ असे कोणी म्हटले, की ती आजच्या माणसाने अवशेषांवरून रचलेली आहे असे खुशाल समजावे. रचण्यात गैर काही नाही. पुरावा कोठे संपतो आणि तर्क कोठे सुरू होतो, एवढे मात्र त्याने सांगायला हवे.

टोलुंड मानवाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे अन्नच हाती लागले आहे. १९५० मध्ये दलदलीत सापडलेला हा मनुष्य इ.स.पूर्व ४०५ ते ३८० या काळातला. त्याच्या आतड्यातील अवशेषांची पहिली तपासणी शोधानंतर लवकरच झाली होती. नव्याने केलेली मोजणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत सुमारे ८५ टक्के सातू (बार्ली), ९ टक्के पर्सिकारिया नावाच्या रानतणाचे बी आणि ५ टक्के जवस असे प्रमाण निघाले. माशाचाही अंश आढळला. हे तणाचे बी बहुधा मळणीनंतर उरलेल्या गाळातून मुद्दाम घातलेले असावे, असा संशोधकांचा कयास आहे. त्याच अवशेषांत भांड्याच्या तळाला करपलेल्या खरवडीचे कणही मिळाले, म्हणजे हे अन्न मातीच्या भांड्यात शिजले आणि थोडे खाली लागले. चोवीसशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हातून लागलेली ती खरवड मला साऱ्या पाककृतींपेक्षा बोलकी वाटते.

आपल्याकडील वाचकांना जवळची वाटेल अशी एक नोंद येथे करतो. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५४ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात याच अन्नाची नक्कल खाऊन पाहिली होती, आणि ती त्यांना मुळीच रुचली नव्हती. त्या वेळी घटकांची यादी हाती होती, आजच्यासारखी टक्केवारी नव्हती. नुसत्या यादीवरून चव ठरवता येत नाही. आपल्या फोडणीतील जिन्नसांची नावे कळली आणि प्रमाण कळले नाही, तर काय होईल याचा विचार करावा.

दुसरा प्रतिसाद

मी हा पदार्थ तीन वेळा केला आहे, म्हणून व्यवहाराचे तेवढे सांगते. मातीचे मडके इंडक्शनवर तापणारच नाही, कारण त्या शेगडीला लोहचुंबक चिकटेल असेच बूड लागते. मडके रात्रभर पाण्यात ठेवावे, थंड भट्टीत (ओव्हनमध्ये) ठेवून मगच भट्टी सुरू करावी आणि उष्णता हळूहळू वाढवावी. ते जमणार नसेल तर बिडाचे भांडे घ्यावे.

चौघांसाठी १७० ग्रॅम अख्खी सातू रात्री भिजवून सकाळी निथळावी आणि जाडसर भरडावी. दुकानातली पांढरी, पॉलिश केलेली बार्ली घेऊ नये, तिचा कोंडा गेलेला असतो. त्यात १० ग्रॅम जवस भरडून घालावे. रानतणाचे बी ओळख पटल्याशिवाय गोळा करू नये. त्याऐवजी मी १८ ग्रॅम कुट्टू (बकव्हीट) घालते, कारण तो त्याच कुळातला आहे, मात्र लोहयुगीन डेन्मार्कमध्ये तो नव्हता हे मी ताटावर वाढतानाच सांगते. सव्वा लिटर पाण्यात हे सारे तासभर मंद शिजवले, की थेट आपल्या ज्वारीच्या कण्यांसारखे दिसते. जवसामुळे त्याला बुळबुळीतपणा येतो. मुलांना तो आधी खटकतो. मीठ होते की नाही हे दाण्यांवरून कळत नाही, आणि मी ते घालते.

तिसरा प्रतिसाद

भाकरीसाठी स्वीडनमधील बिर्का हे ठिकाण धरावे. मेलारेन सरोवरातील बेटावरच्या या व्यापारी गावाच्या कबरींत भाकरीचे जळके तुकडे मिळाले आहेत. दहनाच्या आगीत कोळसा झाल्यामुळेच ते टिकले. त्या लहान आणि पातळ असत, बहुतेकींत सातू मुख्य आणि इतर धान्यांचे पीठ मिसळलेले असे, आणि काही तर तारेच्या कडीत ओवलेल्या होत्या.

सातूच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून त्याची लाटी फाटते. भाकरी थापणाऱ्या हातांना हे नवे नाही: पीठ कढत पाण्यात मळावे, तळहाताएवढीच भाकरी थापावी आणि बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावी. वायकिंग काळच्या थडग्यांत लांब दांड्याचे लोखंडी तवे मिळाले आहेत, त्यामुळे तव्याबाबत अपराधी वाटण्याचे कारण नाही. पीठ मात्र फार बारीक नसावे. जर्मनीतील मायेन येथील काळ्या ज्वालामुखी दगडाची जाती डेन्मार्कमधील रीबेपर्यंत जात असत. आपल्या आजीचे जातेही काळ्या बसाल्टचेच होते. त्या दगडाची कच पिठात उतरे. ती तेवढी वगळावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही पदार्थ केले. मडके भट्टीत तडकले नाही, पण शेवटच्या दहा मिनिटांत माझे लक्ष भाकऱ्यांकडे गेले आणि कण्या खाली लागल्या. मुलीने पहिल्या दोन घासांनंतर वाटी बाजूला सारली होती. परंतु मी खरवड काढू लागले तेव्हा तिने ती मागून घेतली, दातांखाली चावून पाहिली आणि टोलुंडच्या माणसाच्या वाट्यालाही हीच आली होती का, असे विचारले. उरलेल्या सहा भाकऱ्या तिने तारेत ओवून स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगल्या आहेत.