काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे: पॉलिश करावे का, आणि किती?

कृष्णरंग (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे काळ्या रंगाची, मेटॅलिक नसलेली हॅचबॅक आहे आणि येत्या दिवाळीला तिला चार वर्षे पूर्ण होतील. सावलीत उभी असली की गाडी आजही नवी वाटते. परंतु उन्हात किंवा रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक गोल ओरखडे दिसतात. त्यांतला एकही नखाला लागत नाही. मोबाइलचा टॉर्च डावीकडून उजवीकडे नेला की ती वर्तुळेही टॉर्चबरोबर सरकत जातात, याचे मला विशेष नवल वाटते.

आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीसमोर दोन वर्षांपासून इमारतीचे बांधकाम चालू असल्यामुळे सकाळी गाडीवर पिठासारखी धूळ बसलेली असते, आणि ती पुसण्यासाठी एक काका रोज पहाटे येतात. एका गॅरेजवाल्याने तासाभरात ‘रबिंग-पॉलिश’ करून देतो असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी मात्र गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, असे म्हणाले आणि वर सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर पातळ, कडक संरक्षक लेप देण्याचा, आग्रह धरला. या दोन कामांत नेमका फरक काय, असे पॉलिश किती वेळा करता येते आणि ते घरी करण्याचे धाडस करावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फोमपॅड

आपल्या नवलापासूनच सुरुवात करतो, कारण त्यातच निदान आहे. ओरखडे मुळात गोल नसतात. ते सर्व दिशांनी गेलेले सरळ, सूक्ष्म चरे असतात. परंतु त्यांपैकी जे दिव्याच्या किरणांना आडवे येतात त्यांच्याच कडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात, आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. दिवा हलला की चऱ्यांचा दुसरा संच चमकू लागतो आणि वर्तुळे सरकल्यासारखी वाटतात. पांढऱ्या गाडीवरही असेच चरे असतात, फक्त ते दिसत नाहीत.

हे चरे रंगात नसून रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा लेप असतो आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश वापरल्यास एका वेळी मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातात, तर लोकरी पॅड आणि कंपाउंड, म्हणजे अधिक खरखरीत पॉलिश, वापरल्यास त्याच्या काही पट. गेलेला थर परत येत नाही. तो फार पातळ झाला की उन्हातील अतिनील किरणांपुढे टिकत नाही, आणि मग काही वर्षांनी बॉनेटवर व छतावर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात. म्हणून ‘किती वेळा’ या प्रश्नाला मी आकडा देणार नाही. गाडीच्या आयुष्यात एकदा नीट, आणि त्यानंतर गरज भासेल तेवढ्याच भागावर हलक्या हाताने, एवढेच माझे मत आहे.

आता तासाभराच्या कामाविषयी. एवढ्या वेळात गाडी नीट धुऊनही होत नाही. अशा कामात बहुधा मेण किंवा तेलकट भराव असलेले पॉलिश चऱ्यांत बसवले जाते. गाडी परत ताब्यात घेताना आरशासारखी चमकते आणि चार-पाच धुण्यांनंतर जाळे पुन्हा उगवते. त्याहून वाईट म्हणजे, एकाच अक्षावर गरगरणारे रोटरी मशीन अननुभवी हातात असेल तर जुने चरे जाऊन त्यांच्या जागी उन्हात हलणारे, पंख्याच्या पात्यांसारखे धुरकट पट्टे उमटतात. रोटरी मशीन वाईट नाही, परंतु ते घाई सहन करत नाही.

घरी करायचे असल्यास ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावे. त्याचे पॅड फिरते आणि त्याच वेळी थरथरतेही. दाब जास्त पडला की त्याचे फिरणे थांबते, त्यामुळे रंग जाळण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. काम सावलीत आणि पत्रा गार असतानाच करावे. गाडी धुऊन झाल्यावर पृष्ठभागावर तळहात फिरवा. खरखर लागली तर क्ले बारने, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलाव्यासह, ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, अन्यथा तेच कण पॅडखाली सापडून नवे चरे पाडतील. रबरी पट्ट्या, काळे प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो.

नंतर डिकीच्या झाकणावर दीड फूट चौरसाचा एकच तुकडा निवडा आणि सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ पॅड व बारीक पॉलिशने, प्रयोग करा. पॅडवर पॉलिशचे तीन-चार वाटाण्याएवढे थेंब पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा, नाहीतर पॉलिश भिंतीवर जाईल (माझ्या पार्किंगच्या खांबावर त्याची खूण अजून आहे). कमी वेगाने ते पसरवून मग वेग वाढवा, आणि मशीनच्या वजनापेक्षा थोडाच अधिक दाब देत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढेल अशा बेताने आधी आडवे आणि मग उभे फिरवा. हात संथ हवा. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर पुरे. पुसून झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो तुकडा स्वच्छ करा, म्हणजे पॉलिशमधले तेल निघून जाईल आणि टॉर्चखाली खरे चित्र दिसेल. बहुतेक चरे गेले असतील तर संपूर्ण गाडीला तेच पुरेसे आहे. गेले नसतील तरच एक पायरी कठोर पॅड घ्यावे.

रंगशाळा

वरील उत्तराशी सहमत आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

मशीन लावण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणारा गेज कोणाकडून तरी मिळवा आणि प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी मोजा. एकाच गाडीवर छतावर ११० आणि दारावर २६० मायक्रॉन असे आकडे आले, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे असे समजावे. परंतु मोठा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. त्यातली बहुतेक जाडी पुट्टीची किंवा जुन्या रंगाची असू शकते आणि वरचा क्लिअर कोट कारखान्यातल्यापेक्षा मऊ असू शकतो. साधा गेज केवळ एकूण जाडी सांगतो, थरांची वाटणी सांगत नाही. दुसरे म्हणजे तो लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरच चालतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे तिथे आकडाही मिळत नाही आणि घर्षणाची उष्णता पसरायला धातूही नसतो, म्हणून तिथे वेग कमी ठेवून मशीन सतत हलते ठेवावे.

नखाला लागणारा ओरखडा पॉलिशने संपूर्ण घालवण्याच्या हट्टास पेटू नये. त्याची धार बोथट करून सोडून द्यावा.

सांगलीकर

पॉलिशच्या आधी धूळ पुसण्याची पद्धत बदलावी, असे मला वाटते. बांधकामाच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. ती धूळ एका बादलीतल्या पाण्याने आणि ओल्या फडक्याने रोज पुसणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपर फिरवणेच होय. वीस गाड्या त्याच बादलीत आटोपल्यावर एकविसाव्या गाडीचे काय होत असेल, याची कल्पना करा.

सिरॅमिक कोटिंगविषयी एक शब्द. त्याने पाणी ओघळून जाते आणि धुणे सोपे होते हे खरे. जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा मात्र पेन्सिलीच्या शिशाने केलेल्या कसोटीचा आहे. तो खनिजांच्या काठिण्याच्या मापावरचा नऊ नव्हे. वाळू तिथेही चरे पाडते. ओरखड्यांपासून खरेच संरक्षण हवे असल्यास पारदर्शक फिल्म लावावी लागते आणि तिचा खर्च वेगळाच आहे.

कृष्णरंग

सर्वांचे मनापासून आभार. ओळखीच्या एका सद्गृहस्थांकडून गेज आणि ड्युअल ॲक्शन मशीन दोन्ही मिळाले. बॉनेट १०४ ते ११२, छत १०८, डावे मागचे दार मात्र २३०. ते दार रंगवल्याचे मी स्वतःच विसरलो होतो. रविवारी डिकीवर सौम्य जोडीने तुकडा करून पाहिला. अल्कोहोलने पुसल्यावर टॉर्चखाली मास्किंग टेपच्या एका बाजूला जाळे आणि दुसऱ्या बाजूला काळेभोर पाणी असा फरक दिसला. दोन-तीन खोल रेघा राहिल्या आहेत, त्या राहू देणार आहे. बॉनेट पुढच्या रविवारी.

काकांशीही बोललो. त्यांचे फडके हातात घेऊन पिळले तर बोटांना वाळू लागली. ते म्हणाले, “साहेब, नळाला पाणी येतं अर्धा तास, त्यात बावीस गाड्या.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आता माझी गाडी त्यांनी रोज पुसायची नाही, फक्त काचा पुसायच्या, आणि रविवारी आम्ही दोघांनी मिळून दोन बादल्यांनी (एकीत साबणाचे पाणी, दुसरीत मिट खळबळायला साधे पाणी) धुवायची, असे ठरले आहे. महिन्याचे पैसे तेवढेच राहतील. एक शंका उरली: मायक्रोफायबरचे मिट, म्हणजे गाडी धुण्याचा हातमोजा, धुताना कपड्यांची पावडर चालेल का?

फोमपॅड

चालेल, पण द्रवरूप साबण बरा, कारण पावडरचे न विरघळलेले कण धाग्यांत अडकतात. फॅब्रिक कंडिशनर मात्र घालू नका, आणि ते मिट पायपुसण्याबरोबर मशीनमध्ये टाकू नका.