वडील आणि थोरले बंधू, दोघांचीही मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली. मी स्वतःबद्दल काय समजावे?

कृष्णाकाठ, मिरज

नमस्कार. माझे वय ४७ असून गेली सहा वर्षे मला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे. वडिलांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि अडीच वर्षे डायलिसिसवर काढून एकसष्टाव्या वर्षी ते गेले. आता थोरले बंधू, वय ५३, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात आणि सोबत बहुतेक वेळा मीच असतो. त्यांच्या मनगटाच्या वर फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली धमनी आणि शिरेची जोडणी, केलेला आहे. तो चालू आहे ना, हे पाहण्यासाठी रोज सकाळी त्यावर बोटे ठेवावी लागतात. आत बारीक, अखंड अशी थरथर जाणवते. तीच थरथर मी वडिलांच्या हातावरही पाहत असे, म्हणून हा प्रश्न मला केवळ माहितीसाठी पडलेला नाही.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की आमचे काका, वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ, आज ७६ वर्षांचे आहेत. त्यांचा मधुमेह ३१ वर्षांचा आहे, पथ्य त्यांनी मनापासून कधी पाळले नाही, तरीही त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळेनासे झाले की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) आजही ०.९ आहे. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेल्या दोन भावांच्या बाबतीत इतका फरक कसा पडतो? मूत्रपिंडाचा हा आजार आनुवंशिक आहे का? माझे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.९ आहे, क्रिएटिनिन ०.९ आहे आणि दर वर्षीच्या लघवीच्या तपासणीत ‘प्रथिने : नाहीत’ असाच शेरा असतो, एवढ्यावर निश्चिंत राहावे का? एका परिचितांनी लाळेवरून जनुकीय तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला आहे. आणि शेवटचे, माझी धाकटी बहीण, वय ४४, तिला मधुमेह नाही, ती थोरल्या भावाला मूत्रपिंड द्यायला तयार आहे. तिने द्यावे का?

सूत्रधागा

कृष्णाकाठ, मी बरीच वर्षे आनुवंशिक आजारांच्या संशोधनात काम केले आहे. उपचार करणारा डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

तुमच्या काकांचे उदाहरण अपवादात्मक नाही. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या, मधुमेहात साधारण एक तृतीयांश रुग्णांनाच मूत्रपिंडाचा आजार होतो, दुसऱ्या प्रकारात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाते. उरलेल्यांची मूत्रपिंडे तीस-तीस वर्षे साखर सोसूनही शाबूत राहतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर असे दिसले आहे की आजार लागण्याचे प्रमाण पंधरा-वीस वर्षांपर्यंत वाढते आणि नंतर उतरते. नुसती साखरच कारण असती, तर वर्षे वाढतील तसा धोकाही चढतच राहायला हवा होता. तो उतरतो, याचा अर्थ ज्यांच्यात मुळात ही प्रवणता होती त्यांना आजार तोवर होऊन गेलेला असतो, असा काढला गेला.

कुटुंबांचा अभ्यास हेच सांगतो. १९८९ साली अमेरिकेतील मिनेसोटामध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या भावंडांची तपासणी झाली. ज्या रुग्णांना मूत्रपिंडाचा आजार होता, त्यांच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्क्यांत तो आढळला. ज्या रुग्णांना नव्हता, त्यांच्या भावंडांत फक्त १७ टक्क्यांत. ॲरिझोनातील पिमा या मूलनिवासी समाजात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह फार आहे. तेथे १९९० साली असे दिसले की आई-वडील दोघांच्याही लघवीत प्रथिने जात नसतील तर मधुमेही मुलांपैकी १४ टक्क्यांत ती जातात, एकाच्या जात असतील तर २३ टक्क्यांत आणि दोघांच्या जात असतील तर ४६ टक्क्यांत. चेन्नईच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दक्षिण भारतीय कुटुंबांतही भावंडांमधला हा एकवट दाखवला, त्यामुळे ही गोष्ट परक्या वंशांपुरती राहत नाही.

मात्र ‘आनुवंशिक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एकच बिघडलेले जनुक येते, तसे येथे नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या, युरोपीय वंशाच्या १९,४०६ व्यक्तींच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचातील १६ ठिकाणे आजाराशी जोडलेली आढळली आणि त्यांपैकी बहुतेकांचा एकेकट्याचा वाटा लहान आहे. त्यातले सर्वांत बोलके ठिकाण सीओएल४ए३ या जनुकात आहे. मूत्रपिंडात रक्त गाळले जाते ते एका अतिशय पातळ पटलातून, आणि त्या पटलाचे कोलॅजेन घडवण्याचे काम या जनुकाकडे असते. याच जनुकात मोठा दोष आला तर अल्पोर्ट नावाचा, मधुमेहाशी संबंध नसलेला मूत्रपिंडाचा आजार होतो. मधुमेहात हे पटल जाड होत जाते. या जनुकाच्या डीएनएतील एका अक्षराचा बदल ज्यांच्याकडे आहे, त्यांचे पटल आजाराची कोणतीही खूण दिसण्याआधीच थोडे पातळ असते आणि त्यांना आजारापासून संरक्षण मिळते. या बदलाचा परिणाम किती दिसेल हे पुन्हा साखरेच्या पातळीवर ठरते, आणि मला या संपूर्ण संशोधनातील हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते: जनुक आणि साखर ही दोन वेगळी खाती नाहीत.

आता तपासणीबद्दल. लाळेवरून तुमचा जनुकसंच वाचता येईल, परंतु त्यावरून ‘तुमचे मूत्रपिंड जाईल किंवा राहील’ असे सांगणारी, उपचारांत वापरण्याजोगी तपासणी सध्या नाही. शिवाय वरील अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला असल्यामुळे त्यातून काढलेले धोक्याचे गुणांक आपल्याला जसेच्या तसे लागू करणे शास्त्राला धरून नाही. अपवाद एकच: ज्या घरात मधुमेह फार तरुणपणी येतो आणि सोबत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी असतात, किंवा आईकडून मुलांकडे मधुमेह आणि बहिरेपणा दोन्ही जातात, तेथे एकाच जनुकाचा आजार असू शकतो आणि तेथे जनुकीय तपासणी जरूर करावी. तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत तसे काही दिसत नाही.

तुमच्या ‘प्रथिने : नाहीत’ या शेऱ्याकडे मात्र तातडीने लक्ष द्यायला हवे. साध्या तपासणीत लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग पाहतात. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत बरेच जायला लागल्यावरच त्या पट्टीचा रंग बदलतो. सुरुवातीची गळती तिला कळत नाही. त्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढावे लागते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० ही सुरुवातीची गळती आणि ३०० च्या पुढे मोठी. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही तपासणी निदान झाल्याच्या दिवसापासून दर वर्षी व्हायला हवी. सहा वर्षांत ती एकदाही झाली नसेल, तर याच आठवड्यात करून घ्यावी. रक्तातील क्रिएटिनिनवर विसंबू नये, कारण कार्यक्षमता बरीच घटेपर्यंत ते सामान्य दिसू शकते.

पाणवठा

सूत्रधागा यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडावीशी वाटते. घरात जनुके उतरतात तशा सवयी आणि परिस्थितीही उतरतात. ताटातले लोणचे-पापडाचे मीठ, न मोजलेला रक्तदाब, तंबाखू, गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि मधुमेहाचे उशिरा झालेले निदान, हे सारे कुटुंबातच एकवटते. दोन भाऊ एका ताटात जेवले, पण दोघांचा रक्तदाब सारखा होता का, हे कोणी पाहिले होते का?

त्याहून आधीची एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. त्यात आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने कमी, परंतु त्या मानाने शरीरात चरबी अधिक असलेली आढळली. मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या जन्माआधीच ठरते, नंतर नवी गाळणी तयार होत नाही, आणि कमी वजनाच्या बाळांत ती संख्या कमी असण्याकडे कल असतो. आईला गरोदरपणी पुरेसे अन्न मिळाले नाही, तर त्याची किंमत पन्नास वर्षांनंतर मुलाच्या मूत्रपिंडाला मोजावी लागू शकते. हे आनुवंशिक नव्हे, तरी बाहेरून पाहणाऱ्याला आनुवंशिकच वाटेल. थोरल्या भावाच्या वेळी घरात दुष्काळ आणि धाकट्याच्या वेळी सुबत्ता, असे आपल्या कितीतरी घरांत झालेले आहे.

सूत्रधागा

पाणवठा, तुमचे म्हणणे मान्य आहे. कुटुंबातील एकवट म्हणजे सगळी जनुकेच, असे मी म्हणू नये. म्हणूनच घरातील इतिहासाचा उपयोग मी एवढाच मानतो की कोणाची तपासणी आधी आणि अधिक कसून करावी, हे त्यावरून कळते.

शेवंती

मी डायलिसिस विभागात सतरा वर्षे परिचारिका आहे, म्हणून बहिणीच्या प्रश्नावर लिहिते.

कृष्णाकाठदादा, बहिणीची माया पाहून डोळे भरून येतात, पण तिच्या बाबतीत घाई करू नका. तिला आज मधुमेह नाही. परंतु वडील, दोन भाऊ असे घर असताना पुढे तो होण्याची शक्यता मोठी आहे, आणि झाला तर तो एकाच मूत्रपिंडावर होईल. तिची ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी, एचबीए१सी, रक्तदाब आणि लघवीतील अल्ब्युमिन हे सगळे काटेकोरपणे पाहावे लागेल, आणि एवढे करूनही प्रत्यारोपण करणारे डॉक्टर कदाचित नको म्हणतील. तसे झाले तर तिला अपराधी वाटू देऊ नका. वहिनींची तपासणी झाली आहे का? १९९४ च्या कायद्यानुसार पत्नी ही जवळची नातेवाईकच आहे, आणि तिच्या अंगात तुमच्या घराण्याची प्रवणता नाही. सोबत मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत भावाचे नाव नोंदवून ठेवा.

आणखी एक मनापासून सांगते. आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर रुग्णांची भावंडे चार-चार तास बसलेली असतात, त्यातली कितीतरी स्वतः मधुमेही असतात. हातात भावाची फाइल असते, स्वतःची नसते. मी आता प्रत्येकाला विचारते की तुमच्या लघवीतले अल्ब्युमिन शेवटचे कधी पाहिले होते. बहुतेकांनी हे नावही ऐकलेले नसते. तुमच्या भावाच्या जुन्या फाइलमध्ये पाहा, तेथेही पट्टीचाच शेरा वर्षानुवर्षे लिहिलेला सापडेल अशी मला भीती वाटते.

कृष्णाकाठ, मिरज

सर्वांचे आभार. शेवंतीताई, भावाची फाइल काल रात्री काढली. अकरा वर्षांचे कागद आहेत. पहिल्या सात वर्षांत ‘प्रथिने : नाहीत’, आठव्या वर्षी एकदम ‘तीन अधिक’ (+++), म्हणजे प्रथिने भरपूर. मधली पायरी कोणी पाहिलीच नाही. ती फाइल मिटून मी बराच वेळ बसून होतो.

माझी तपासणी झाली. गुणोत्तर ६८ आले आहे. रक्तदाब १४२/८८ होता, जो मी आजवर मोजलाच नव्हता. वहिनींनी तपासणीची तयारी दाखवली आहे आणि बहिणीला मी सगळे समजावून सांगितले. ती रडली, पण ऐकले.

सूत्रधागा

एका तपासणीवर शिक्कामोर्तब करू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांनीही आकडा वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली तर ती खरी मानतात. सकाळची पहिली लघवी द्या. परंतु डॉक्टरांची भेट मात्र तोवर लांबवू नका, कारण रक्तदाबाचा प्रश्न आजचाच आहे.

त्यांना दोन औषधगटांबद्दल अवश्य विचारा. पहिला टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचा. रक्तदाब उतरवताना हा गट गाळण्यांवरचा आतला दाबही कमी करतो, आणि लोसार्टनने मधुमेही मूत्रपिंडाची घसरण मंदावते हे २००१ मध्येच सिद्ध झाले. दुसरा डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचा, ज्यांनी २०१९ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण ठळकपणे घटवले. यांतील डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये एकस्वाधिकार (पेटंट) संपल्यापासून आपल्याकडे स्वस्त झाले आहे. तुमच्या वडिलांच्या वेळी हा दुसरा पर्याय नव्हता. कोणते औषध कधी सुरू करायचे आणि नंतर पोटॅशियम व क्रिएटिनिन केव्हा तपासायचे, हे डॉक्टर ठरवतील.

तुमच्या काकांचेही गुणोत्तर एकदा काढून घ्या. क्रिएटिनिन ०.९ आहे, पण पट्टीखेरीज त्यांचीही लघवी कोणी पाहिलेली नसेल.

कृष्णाकाठ, मिरज

काकांना उद्या सकाळी घेऊन जातो. डबी आजच आणून ठेवली आहे.