१७व्या दिवशी केस उपटून घरटं करतेय : मादी गाभण आहे की खोटी लक्षणं?

हिरवी_जुडी, पुणे
दुकानातून 'दोन्ही माद्या' म्हणून दोन ससे आणले होते. आता दोघं साधारण सहा महिन्यांचे आहेत आणि त्यातला एक नर निघाला. तो मादीवर चढताना दिसला त्याच दिवशी पिंजरे वेगळे केले, त्याला आज १७ दिवस झाले. त्याआधी दोघं एकत्रच होते. कालपासून मादी तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेतेय, गळ्याखालचे आणि पोटाचे केस उपटून त्यावर टाकतेय. हात जवळ नेला की गुरगुरते, पुढच्या पंजांनी फटकारते. वजन तेव्हा १ किलो ८२० ग्रॅम होतं, आज १ किलो ९०० ग्रॅम. खाणं आणि लेंड्या नेहमीसारख्या. ती गाभण आहे हे नक्की कसं ओळखायचं? पोट घरीच चाचपून बघू का?

करवंद
आधी दिवस मोजा. सशाची गर्भावस्था बहुतेक वेळा ३० ते ३२ दिवसांची असते. गाभण मादी गवत गोळा करते ती शेवटच्या दोन-चार दिवसांत, आणि केस तर बऱ्याचदा विण्याच्या आदल्या रात्री किंवा काही तास आधी उपटते. १६ ते १८व्या दिवशी हे सगळं झालं तर पहिला संशय खोट्या गर्भधारणेचा घ्यायचा.

कारण असं की मादी सशाला कुत्रीसारखा ठरावीक माज येऊन बीजं सुटत नाहीत. नर चढला की त्यानंतर साधारण १० तासांनी ती सुटतात. गर्भ राहिला नाही तरी शरीर गाभण असल्यासारखंच वागतं, कारण बीजं सुटलेल्या जागी तयार झालेल्या ग्रंथी १६-१७ दिवस प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) तयार करत राहतात. मग त्या विरतात, प्रोजेस्टेरॉन एकदम घसरतं आणि घरटं, केस, रागीटपणा, सडात दूध हे सगळं सुरू होतं. दोन माद्या एकमेकींवर चढल्या तरी हेच होऊ शकतं. शिवाय उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलेला नर काही आठवडे वांझ असू शकतो. तो चढतो नेहमीसारखाच, पण गर्भ राहत नाही.

खोटी लक्षणं असतील तर तीन-चार दिवसांत ओसरतात. तिने केलेलं घरटं मोडू नका. मोडलं की ती पुन्हा करते आणि त्यासाठी आणखी केस उपटते. सडांतून दूध आलं तरी पिळायचं नाही, पिळलं की जास्त सुटतं. एखादा सड गरम, लाल, कडक लागला तर मात्र दाह आहे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पेंढा_आणि_खोकं
वरचं सगळं बरोबर आहे, पण प्रश्नातलं एक वाक्य निसटलं : 'त्याआधी दोघं एकत्रच होते.' म्हणजे १७ हा आकडा शेवटच्या संपर्कापासूनचा आहे, पहिल्या संपर्कापासूनचा नाही. जे दिसलं ते पहिलंच चढणं होतं असं कुणी सांगावं? सशांचं मीलन काही सेकंदांत उरकतं, तेही बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी. नर साडेचार-पाच महिन्यांत वयात येतो. म्हणून दोन शक्यता आहेत : १७ दिवसांपूर्वीच्या मीलनाची खोटी गर्भधारणा, किंवा महिन्यापूर्वीच्या मीलनाची खरी पिल्लं, तीही आज-उद्या. दोन्हीत मादी बाहेरून सारखीच दिसते, त्यामुळे तयारी दुसऱ्या शक्यतेची करा. चुकली तर एक खोकं वाया जाईल. तयारी नसताना पिल्लं झाली तर जाळीवर गारठून मरतील.

विण्यासाठी घरट्याचं खोकं आजच पिंजऱ्यात ठेवा. एरवी ते २८व्या दिवशी ठेवतात, कारण लवकर ठेवलं की मादी त्यातच मुतते. इथे तारीखच माहीत नाही, तर तो विचार सोडा. दोन किलोच्या मादीला ४० बाय ३० सेंटीमीटरचं, ३० सेंटीमीटर उंच पुरतं. पुढची बाजू जमिनीपासून १५ सेंटीमीटर बंद ठेवा, म्हणजे सडाला लटकलेलं पिल्लू बाहेर ओढलं जात नाही. एका वेतापुरता पुठ्ठा चालतो. तळाला वर्तमानपत्र, वर ८-१० सेंटीमीटर वाळलेलं गवत किंवा स्वच्छ पेंढा दाबून, मागच्या बाजूला मुठीने खळगा करा. तिने कोपऱ्यात जमवलेलं गवत-केस उचलून त्याच खळग्यात घाला. कापूस, लोकर, सुतळी अजिबात नको. पिल्लांच्या पायांना गुंडाळली जाते आणि पाय काळा पडतो.

आणि मुंग्या. आपल्याकडे नवजात पिल्लं मुंग्यांनी मरतात आणि दोष आईला जातो. पिंजऱ्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर पिंजऱ्याजवळ वापरू नका, मादी पाय चाटते.

टाका_काटा
वजनाबद्दल. ८० ग्रॅमवरून काहीच ठरत नाही. सशाचं पोट आणि आंधळं आतडं कधी रिकामं नसतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या वजनात तेवढा फरक सहज पडतो. शिवाय सहा महिन्यांची मादी अजून थोडी वाढतेही. रोज सकाळी, हिरवा चारा देण्याआधी, त्याच काट्यावर, त्याच टोपलीत वजन करा आणि लिहून ठेवा. खऱ्या गर्भाचं वजन मुख्यतः शेवटच्या दहा दिवसांत चढतं. चार-सहा पिल्लं असतील तर एवढ्या मादीत २०० ते ४०० ग्रॅम. पोट मोठं दिसणं हा पुरावा नाही. एक-दोन पिल्लांची मादी शेवटपर्यंत सडपातळ दिसते, आणि गॅस झालेली मादी फुगलेली दिसते पण ती खात नाही.

चाचपण्याबद्दल : आता नको. त्याची वेळ मीलनानंतर १० ते १४ दिवस, सगळ्यात चांगला १२वा. तेव्हाही पद्धत अशी : मादी घसरणार नाही अशा चादरीवर, तोंड आपल्याकडे. एक हात खांद्यांवर. दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या थोडा पुढे, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला. अंडं धरल्याइतकाच दाब देऊन हात पुढून मागे सरकवायचा. तिने पोट आवळलं तर थांबायचं. सशाच्या गर्भाशयाला दोन वेगळी शिंगं असतात, म्हणून गर्भ दोन्ही बाजूंना माळेसारखे लागतात. नवव्या-दहाव्या दिवशी करवंदाएवढे, तेराव्याला लहान जांभळाएवढे, मऊ, बोटाखालून निसटणारे. नवखा माणूस लेंड्यांनाच गर्भ समजतो. लेंड्या कडक, लहान आणि वर कण्याच्या जवळ एका ओळीत असतात. दोन आठवड्यांनंतर गर्भ मोठे होऊन आतड्यांत मिसळल्यासारखे लागतात, ओळखू येत नाहीत आणि दाबल्याने इजा होते. तुम्हाला तर दिवसच नक्की माहीत नाही.

हिरवा_चारा_वाला
सोपा उपाय : नराजवळ पाच मिनिटं सोडा. घेत नसेल तर गाभण.

करवंद
हे करू नका. गाभण मादीही कधीकधी नर घेते, आणि रिकामी मादीही नकार देते, त्यामुळे उत्तर मिळतच नाही. गाभण नसलेली मादी मात्र या पाच मिनिटांत गाभण राहू शकते. भांडण झालं तर मादी नराच्या मागच्या भागावर चावते, जखम गंभीर असते.

हिरवी_जुडी
खोकं ठेवलं, वाट्याही ठेवल्या. नर दुसऱ्या खोलीत आहे. मग डॉक्टरांकडे सोनोग्राफी की एक्स-रे? आणि रात्रीत व्यायली तर काय बघू?

टाका_काटा
सोनोग्राफी. गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि हृदयाचे ठोकेही कळतात, म्हणजे १७ दिवसांचा असो की तिसाचा, उत्तर लगेच मिळेल. एक्स-रेत हाडं धरल्यावरच दिसतात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात. जाण्याआधी फोन करून ससे बघतात का हे विचारा. उपाशी नेऊ नका. सशाला ओकारी येत नाही, उपास त्याला घातकच आहे, गाभण असेल तर दुप्पट. तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर देऊ नका, त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दगावू शकतो.

सोनोग्राफीत काही दिसलं नाही आणि तिने घरटंही सोडलं, तर विषय संपला. सोनोग्राफी करता आली नाही तर शेवटच्या संपर्कापासून ३५ दिवस, म्हणजे आणखी १८ दिवस, खोकं आणि सावधपणा दोन्ही ठेवा.

पेंढा_आणि_खोकं
विणं बहुधा रात्री किंवा पहाटे होतं, अर्ध्या तासात संपतं आणि आवाज नसतो. सकाळी केसांचा ढीग हलताना दिसला की कळतं. आईला कोथिंबीर देऊन बाजूला करा, हात धुवून तिच्याच गवतात चोळा आणि पिल्लं मोजा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे पाळीव सशांत खरं नाही. मेलेलं पिल्लू आणि वार काढून टाका. बाहेर पडलेलं गार पिल्लू आधी तळहातात गरम करा, मग घरट्यात ठेवा.

आई पिल्लांजवळ बसलेली दिसणार नाही. ती २४ तासांत एकदा, कधी दोनदा, तीन-पाच मिनिटं पाजते. 'पाजतच नाही' असं समजून लोक गाईचं दूध ड्रॉपरने घालतात आणि ते पिल्लाच्या फुप्फुसात जातं. रोज सकाळी पोटं बघा : गोल, ताणलेली, कातडीतून पांढरं दूध दिसलं तर पाजलेलं आहे. सुरकुतलेली आणि खपाटीला गेलेली असतील तरच डॉक्टरांना फोन करा.

अर्धा तास कळा देऊनही पिल्लू आलं नाही, हिरवट-तपकिरी किंवा दुर्गंधी स्राव आला, १२ तास खाल्लं नाही, किंवा ती सुस्त होऊन श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर सकाळची वाट बघू नका. शेवटची खूण गाभणपणातल्या विषबाधेची आहे. लठ्ठ मादी शेवटच्या आठवड्यात खाणं सोडते तेव्हा ती होते आणि काही तासांत जीव जातो. लाल लघवी झाली तर आधी बीट-गाजर आठवा, पण गुठळी दिसली तर रक्तच समजा.

आणि नर त्या खोलीतच राहू द्या. व्यायल्या दिवशीही मादी पुन्हा गाभण राहते. त्याची नसबंदी केली तरी पुढचे सहा आठवडे त्याला तिच्याजवळ सोडायचं नाही.