मदत हवी आहे: हंबर ठेवू की सेन-रॅले?

सात जुन्या सायकलींपैकी तीनच ठेवता येतील. दोन ठरल्या: मूळ ऑइलबाथ चेनकव्हर (साखळी तेलात ठेवणारं बंद झाकण) शाबूत असलेली सनबीम आणि स्टर्मी-आर्चर तीन गिअरची रॅले. तिच्या मागच्या चाकाच्या हबवर (मधल्या तुंब्यावर, ज्यात गिअर असतात) ५२ चा ठसा आहे, म्हणजे हब १९५२ चं. चाक बदललेलं असू शकतं, त्यामुळे फ्रेमचं वय त्यावरून धरलेलं नाही.

अडलंय तिसरीपाशी.

हंबरचा दुहेरी नळ्यांचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मूळ आहे, तोच तिचा खरा दागिना. पण डाव्या नळीवर खाली जुनं ब्रेझिंग (पितळेचा जोड) आहे. रंग काढून रॉकेल लावलं, पुसून खडू फासला. भेग असती तर तिच्यातलं रॉकेल खडूवर उमटलं असतं; तशी रेघ उमटली नाही. आतून गंज किती, ते मात्र यातून कळत नाही.

आसनसोलची सेन-रॅले रंगासकट मूळ आहे, फक्त बॉटम ब्रॅकेटचा (पायडलच्या आसाच्या बेअरिंगचा) कप झिजलाय. तिचे आटे इंचाला २६. दुकानात २४ चेच कप मिळतात आणि ते जबरदस्तीने बसवले तर शेलचे (फ्रेममधल्या ज्या नळीत कप बसतो तिचे) आटेच कापले जातील.

टायर दोन्हींना २८ × १½, त्याची अडचण नाही. नवा रंग देणार नाही. आठवड्याला दहा-बारा किलोमीटर चालवणार, नुसती टांगून ठेवणार नाही.

ब्रेझिंग केलेल्या अशा फोर्कवर रोजच्या रस्त्यावर भरवसा ठेवावा का? आणि २६ आट्यांचा कप जुन्या मालात कुठे मिळेल?